मधमाश्या विकत घेताय? आधी राणीची चौकशी करा

पहिल्यांदा माश्या घेतल्या तेव्हा मी सगळी चौकशी पेटीची केली. लाकूड कसलं, झाकण गळतं का, स्टँड बरोबर मिळणार का. माश्यांबद्दल एकच प्रश्न विचारला, "चावत नाहीत ना?" विकणारा हसून म्हणाला, "अहो एकदम गरीब आहेत." आणि खरंच गरीब होत्या, दोन महिने. मी बुरखा न घालता झाकण उघडायचो, पाहुण्यांना फ्रेम (पोळ्याची लाकडी चौकट) काढून दाखवायचो, स्वतःला मोठा मधपाळ समजायला लागलो होतो. मग फुलोरा आला, चार फ्रेमच्या आठ झाल्या, आणि एके दिवशी झाकण नुसतं सरकवलं तर मनगटावर सात डंख, पळालो तर घराच्या दारापर्यंत पाठलाग. त्यानंतर पेटीपासून वीस पावलांवरून जाणाऱ्यालाही सोडेनात.

विकणारा खोटं बोलला नव्हता खरंतर, त्याने फक्त कॉलनी, म्हणजे पेटीतल्या माश्यांचं कुटुंब, छोटी असताना दाखवली. छोटी कॉलनी जवळजवळ नेहमीच गरीब असते, कारण राखण करायला मध थोडा, पिल्लं थोडी आणि पहारेकरी माश्याही मोजक्याच. तेव्हा चार-पाच फ्रेमचं न्यूक्लिअस (विकायला केलेली छोटी कॉलनी) बघून "शांत आहेत हो" म्हणण्यात काही अर्थ नाही. जिची ही मुलं आहेत ती राणी भरलेल्या पेटीत कशी वागते, किंवा तिच्या आईची आणि बहिणींची भरलेली पेटी कशी वागते, ते बघायचं.

थोडं राणीबद्दल बोलू, कारण हे कळल्याशिवाय सप्लायरला काय विचारायचं ते कळत नाही. पेटीतली प्रत्येक कामकरी माशी राणीची मुलगी. राणी आयुष्याच्या सुरुवातीलाच काही दिवस उडायला बाहेर पडते, हवेतच दहा-पंधरा नरांशी तिचा संयोग होतो आणि ते वीर्य ती पोटात साठवून वर्षानुवर्षं पुरवते. म्हणजे पेटीत एक आई आणि दहा-पंधरा बाप. आई कितीही गरीब असली तरी बापांपैकी चार रागीट निघाले तर त्यांच्या मुली दारावर उभ्या राहतात आणि सगळ्या पेटीचं नाव खराब करतात. आणि हे नर कुठून येतात? आसपासच्या कोणाच्याही पेटीतून, झाडाच्या ढोलीतून, कुठूनही. राणी तयार करणारा माणूस चांगला असेल तर तो आपल्या आवारात आणि आजूबाजूला गरीब कॉलन्यांमधले नर भरपूर वाढवतो, म्हणजे हवेत त्यांचीच गर्दी जास्त. सप्लायरला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच हा, "राण्या तुम्ही स्वतः करता की बाहेरून आणता, आणि त्या कुठे फळतात?" जो माणूस या प्रश्नावर दहा मिनिटं बोलतो त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही. जो "राणी काय, पेटीत असतेच की" म्हणतो त्याला नमस्कार करून पुढे जा.

स्वभाव हवेतून किती लांबची मजल मारू शकतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण ब्राझीलचं. 1956 साली वॉरविक केर नावाच्या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतून राण्या आणल्या, उद्देश चांगला होता, उष्ण हवेत टिकणारी आणि जास्त मध देणारी माशी तयार करायची. 1957 मध्ये रिओ क्लारोजवळच्या पेट्यांमधून 26 झुंडी निसटल्या. त्यांचे नर आणि राण्या तिथल्या युरोपीय माश्यांशी मिसळत मिसळत वर सरकत गेले आणि 1990 मध्ये त्यांची संकरित पिढी अमेरिकेत टेक्सासला पोचली. कोणी पेट्या उचलून नेल्या नव्हत्या, स्वभाव स्वतःच उडत गेला. तुमच्या शेजारच्या मधपाळाच्या रागीट पेट्यांचंही छोट्या प्रमाणात तेच होतं, फक्त ते कोणी लिहून ठेवत नाही.

जातीवरून स्वभाव ठरतो का? थोडाफार. मेलिफेरामध्ये, म्हणजे पेटीत पाळतात त्या युरोपीय माशीत, इटालियन आणि कार्निओलन यांचं नाव गरीब म्हणून घेतलं जातं, कॉकेशियनचंही. बकफास्ट म्हणजे इंग्लंडमधल्या बकफास्ट मठात ब्रदर अ‍ॅडम यांनी अनेक जातींच्या संकरातून निवड करत करत तयार केलेली माशी, तिचाही लौकिक शांतपणासाठी आहे. पण त्याच बकफास्ट राणीची मुलगी राणी झाली, तिने बाहेरच्या नरांशी संयोग केला आणि पुढे तिचीही मुलगी झाली की ती पिढी तापट निघाल्याच्या तक्रारी मधपाळांमध्ये सर्रास ऐकायला मिळतात. त्यामुळे जाहिरातीत जातीचं नाव असेल तर एवढंच विचारा, ही राणी मूळ आहे की तिच्या पोटची, की पोटचीच्या पोटची. सातेरी, म्हणजे आपली देशी माशी, घेत असाल तर ती छोटी, चपळ, फ्रेमवर धावपळ करणारी माशी, धावते म्हणजे रागीट असं समजू नका, तो तिचा घाबरटपणा. सातेरीत चावण्यापेक्षा पेटी सोडून जाण्याचा धोका जास्त मोठा, सारखी उघडझाप केली, मुंग्या लागल्या, खायला कमी पडलं की एक दिवस सकाळी पेटी रिकामी. आणि कोणी आग्या माशी पेटीत भरून देतो म्हणाला तर ती घेऊच नका, आग्या एकच मोठं पोळं उघड्यावर बांधते, ती पेटीत नांदत नाही.

आता कशाच्या रूपात घेताय ते. तीन प्रकार मिळतात ढोबळमानाने. एक, पूर्ण भरलेली पेटी. दोन, न्यूक्लिअस, म्हणजे चार-पाच फ्रेम, त्यात ब्रूड (अंडी, अळ्या, कोष), मध, पराग आणि अंडी घालणारी राणी. तीन, पॅकेज, म्हणजे जाळीच्या खोक्यात साधारण दीड किलोच्या आतबाहेर माश्या, दहा हजाराच्या आसपास, आणि छोट्या पिंजऱ्यात वेगळी राणी. पॅकेजमधली गंमत अशी की त्या माश्या त्या राणीच्या नसतातच. दहा पेट्यांमधून झाडून गोळा केलेल्या माश्या आणि तिसरीकडची राणी. तुम्ही पहिल्या महिन्यात जो स्वभाव बघता तो भलत्याच राण्यांच्या मुलींचा. हिशोब करा, अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला 21 दिवस, मग ती आत साफसफाई, पिल्लांना भरवणं वगैरे करते आणि दारावर पहाऱ्याला साधारण दोन-तीन आठवड्यांची झाल्यावर उभी राहते. म्हणजे नव्या राणीच्या पहारेकरी मुली दीड महिन्याच्या आसपास दिसायला लागतात, तोपर्यंत जुन्या माश्या मरून संपत आलेल्या असतात. खरा स्वभाव तेव्हा कळतो. न्यूक्लिअसमध्येही हीच फसगत होऊ शकते, विकायच्या आठ दिवस आधी घाईघाईने नवीन राणी घातलेली असते. म्हणून तोंडावर विचारा, "या फ्रेमवरचं सीलबंद ब्रूड याच राणीचं का?" अंडं घातल्यापासून नवव्या दिवसाच्या आसपास अळीची कोठी (पोळ्यातलं घर) मेणाने बंद होते, तेव्हा राणी आठ दिवसांपूर्वी आली असेल तर सीलबंद ब्रूड तिचं असूच शकत नाही. हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस तुमच्याकडे नीट बघायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

नवखे असाल तर न्यूक्लिअसच घ्या, माझं स्पष्ट मत. भरलेली पेटी अंगावर येते, पॅकेजला सांभाळायला हात सरावलेला लागतो. फक्त न्यूक्लिअसची फ्रेम तुमच्या पेटीत बसते का ते आधी टेप लावून मोजा. सातेरीची पेटी आणि मेलिफेराची लँगस्ट्रॉथ पेटी यांच्या फ्रेम एकमेकींत बसत नाहीत, आणि "थोडं कापून बसवू" म्हणत ब्रूडचं पोळं कापायला लागलात की पहिल्याच दिवशी माश्यांशी भांडण.

आता मुख्य काम, पेटी उघडून बघणं. फोनवर, फोटोवर, व्हिडिओवर माश्या घेऊ नका. सप्लायर जवळचा असावा याचं एक कारण हे की तुम्ही दोनदा जाऊ शकता, आणि दुसरं, त्याच्या माश्या तुमच्यासारख्याच हवेला आणि फुलोऱ्याला सरावलेल्या असतात. एकदा दुपारी ऊन असताना जा, ज्या वेळी सगळ्यात म्हाताऱ्या आणि चिडक्या माश्या बाहेर चरायला गेलेल्या असतात आणि कोणतीही पेटी शहाण्यासारखी वागते. दुसऱ्यांदा जरा वाईट वेळी जा, ढग आले असतील किंवा फुलं संपत आलेली असतील तेव्हा. सप्लायर म्हणेल आज नको, पाऊस येईलसं वाटतंय. भर पावसात किंवा गारठ्यात उघडायला लावू नका, ते चूकच आहे, पण नुसतं आभाळ आलंय म्हणून तो दर वेळी टाळत असेल तर तुम्ही समजून घ्या.

उघडताना त्याला सांगा, धूर एक-दोन फुंकरच. काही लोक धूर एवढा मारतात की माश्या बिचाऱ्या मध पिऊन बेशुद्धच व्हायच्या बाकी राहतात आणि मग तो म्हणतो बघा किती शांत. पहिल्या फुंकरीनंतर अर्धा-एक मिनिट थांबा. झाकण उचलल्यावर आवाज ऐका, एकदा भरभर असा वर चढून लगेच खाली बसला तर ठीक, तो चढाच राहिला आणि फ्रेमच्या मधून माश्यांच्या रांगा तोंडं वर करून तुमच्याकडे बघायला लागल्या तर नोंद घ्या. मग एक फ्रेम उचलून हातात धरा आणि काही करू नका, नुसती धरा. चांगल्या मेलिफेरा माश्या आपलं काम करत राहतात, कोणी कोठी साफ करतेय, कोणी अळीला भरवतेय, राणी आली तर तिच्याभोवती वाट मोकळी होतेय. वाईट चिन्ह म्हणजे फ्रेमवरून खाली पळत जाऊन खालच्या कोपऱ्यात झुपका करून लोंबणं आणि तिथून टपटप गळणं. सातेरीला यात थोडी सूट द्या, मघाशी सांगितलं तसं.

मग हात. हातमोजा घातला असेल तर त्यावर किती नांग्या अडकल्या ते मोजा. एखादी चालेल, फ्रेम दाबली गेली असेल. मोज्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास यायला लागला तर मात्र समजा की धोक्याची घंटा वाजलीय. नांगी मारल्यावर जे रसायन सुटतं त्यात आयसोअमाइल अ‍ॅसिटेट असतं, 1962 मध्ये ते ओळखलं गेलं, केळ्यालाही तोच वास असतो. त्या वासाने बाकीच्या माश्यांना कळतं कुठे मारायचं. (पेटीकडे जाताना केळं खाऊ नये म्हणतात ते यासाठीच.)

शेवटची टेस्ट सगळ्यात महत्त्वाची आणि ती कोणीच करत नाही. पेटी बंद करा आणि चालायला लागा. तीस पावलं, पन्नास पावलं. किती माश्या मागे येतात? एकही नाही, उत्तम. एखादी दहा पावलांवर परत फिरली, चालेल. पन्नास पावलांवरही डोक्याभोवती दोन-तीन घोंगावत असतील तर ती पेटी घेऊ नका, ती बाकी कितीही भरलेली असो. उघडताना चावणारी माशी तुम्हाला चावते, पाठलाग करणारी माशी शेजाऱ्यांना चावते आणि मग पेटी हलवायची पाळी येते. युरोपात राण्या तयार करणारे शांतपणाला 1 ते 4 मार्क देतात, 4 म्हणजे सगळ्यात गरीब. तुमच्या सप्लायरकडे असं काही लिहून ठेवलेलं रजिस्टर असेल तर दुधात साखर. नसेल तरी पेटीच्या झाकणावर खडूने दोन शब्द लिहिलेले असतात का बघा, कामाच्या माणसाची ती सवय असते.

एक लक्षात असू द्या की दिवस वाईट असला तरी पेटी वाईट वागते. फुलोरा नाही, दुसऱ्या पेटीच्या माश्या मध लुटायला येताहेत, राणी मेलीय, कोणीतरी नुकतीच पेटी हलवलीय, वादळाची हवा आहे, अशा वेळी गरीब पेटीही अंगावर येते. म्हणून एकाच पेटीवरून सप्लायरला नाव ठेवू नका. त्याच्या दहा पेट्यांपैकी एक तापट असेल तर त्या पेटीचं काहीतरी बिनसलंय. दहातल्या सहा तापट असतील तर ते त्याच्या राण्यांचं काम आहे.

रोगाचंही तिथेच बघून घ्या, फ्रेम हातात आहेच. ब्रूड एकसलग असावं, मध्ये मध्ये भोकं पडल्यासारखं विरळ नको. ऊन पाठीमागून खांद्यावरून घ्या आणि कोठीच्या तळाशी बघा, पांढऱ्या दोऱ्याचा बारीक तुकडा उभा केल्यासारखं अंडं दिसेल, एका कोठीत एकच. अंडं तीन दिवसच अंडं असतं, म्हणजे ते दिसलं की राणी तीन दिवसांत तरी इथे होती, ती डोळ्यांना दिसली नाही तरी चालेल. एका कोठीत तीन-चार अंडी आणि तीही भिंतीला चिकटलेली असतील तर राणी गेलेली आहे आणि कामकरी माश्याच अंडी घालताहेत, ती पेटी फुकट दिली तरी नको. ब्रूडची झाकणं खचलेली, काळपट, बारीक भोक पडलेली असतील तर काडेपेटीची काडी आत घालून हळूच ओढा, तपकिरी चिकट तार दोन-तीन सेंटिमीटर लांब निघाली तर तो अमेरिकन फाउलब्रूड, अळ्या सडवणारा जंतूंचा रोग. झाकण ठेवा, हात आणि टूल धुवा, आणि त्या माणसाकडून माश्याच काय, रिकामी पेटीसुद्धा घेऊ नका, त्या जंतूंचे बीजाणू लाकडात आणि पोळ्यात 40 वर्षांनीही जिवंत सापडलेत. (सातेरीत नराच्या कोठीच्या झाकणावर मधोमध एक बारीक भोक असतं, ते नैसर्गिक आहे, घाबरू नका.) सातेरीत मला जास्त धास्ती थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या विषाणू रोगाची वाटते, अळी कोठीत डोकं वर करून पाण्याच्या पिशवीसारखी पडलेली दिसते.

मेलिफेरा असेल तर वरोआ माइट (माश्यांच्या अंगावर जगणारे बारीक परजीवी) किती आहेत ते विचारा, आणि "आमच्याकडे नाहीतच" हे उत्तर आलं तर तो तपासत नाही एवढाच त्याचा अर्थ. सांगा की मोजू या. ब्रूडच्या फ्रेमवरून, राणी नाही याची खात्री करून, अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण 300, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या, पिठीसाखर टाकून मिनिटभर घोळवायच्या, दोन मिनिटं ठेवायच्या आणि पांढऱ्या ताटात साखर झटकायची. लालसर तपकिरी ठिपके मोजा आणि तीनने भागा, 100 माश्यांमागे किती ते निघालं. तीनच्या पुढे गेलं तर उपचार झाल्याशिवाय घेऊ नका. माश्या साखर लागलेल्या परत पेटीत, मरत नाहीत. पंख आखडलेल्या, चुरगळलेल्या माश्या दारात रांगताना दिसल्या तर बरणीची गरजच नाही.

पोळीही बघा. काही जण स्वतःची जुनी काळीकुट्ट पोळी न्यूक्लिअसमध्ये घालून खपवतात. फ्रेम उजेडासमोर धरली आणि रिकाम्या भागातून काहीच दिसलं नाही तर ते पोळं फार जुनं, एखादं चालेल, पाचही तशीच नकोत.

राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका असेल तर तिचं वय कळतं, जगभर एकच पद्धत आहे. वर्षाचा शेवटचा आकडा 1 किंवा 6 असेल तर पांढरा, 2-7 पिवळा, 3-8 लाल, 4-9 हिरवा, 5-0 निळा. "याच वर्षीची राणी आहे" म्हणून कोणी गेल्या वर्षीचा रंग दाखवला तर नुसतं बोट दाखवा.

बोलणी करताना तीन गोष्टी कागदावर घ्या, निदान मेसेजवर तरी. किती फ्रेम ब्रूडच्या आणि किती मधाच्या, राणी दोन-तीन आठवड्यांत मेली किंवा अंडी घालेना तर काय, आणि पेटी भरल्यावर तापट निघाली तर नवीन राणी देणार का. तिसऱ्यावर बरेच जण अडतात. अडू द्या, निदान कळतं तरी. माझ्या त्या पहिल्या विकणाऱ्याला मी नंतर फोन केला तेव्हा तो म्हणाला "माश्या आहेत, चावणारच", आणि फोन ठेवला. चूक माझी पण होती, मी काही विचारलंच नव्हतं.

आणायचं संध्याकाळी अंधार पडताना, सगळ्या आत आल्यावर, जाळी लावून, हवा लागेल अशा बेताने. त्या जागेपासून तुमची जागा तीन किलोमीटरच्या आत असेल तर चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागी परत जाऊ शकतात, हेही आधीच मोजून ठेवा. आणल्यावर आठवडाभर उघडू नका. प्रवासाने डोकं फिरलेलं असतं त्यांचं, त्यावरून स्वभाव ठरवू नका. आणि ज्याला माशी चावल्यावर अंगभर गांधी उठतात किंवा श्वास अडकतो त्याने आधी डॉक्टरला विचारल्याशिवाय या सगळ्यात पडूच नये.

एवढं करूनही पेटी तापट निघाली तर? राणी बदला. माश्या मारायची, पेटी विकून टाकायची गरज नाही. मी तेच केलं शेवटी. दुसऱ्या एका माणसाकडून, ज्याच्या भरलेल्या पेट्या मी स्वतः दोनदा उघडून बघितल्या होत्या, एक राणी आणली. जुनी राणी शोधायला मला तीन वेळा पेटी उघडावी लागली आणि एकूण तेवीस डंख बसले. ती सापडली, काढली, दुसऱ्या दिवशी नवी राणी पिंजऱ्यासकट दोन ब्रूड फ्रेमच्या मध्ये अडकवली. चार दिवसांनी बघितलं तर माश्या पिंजऱ्याच्या जाळीला चावत नव्हत्या, जाळीतून तिला भरवत होत्या, मग दार उघडून दिलं. पुढचे तीन आठवडे काहीही फरक नाही, उलट जास्तच चिडचिड, मला वाटलं परत फसलो. पाचव्या आठवड्यात पाठलाग कमी झाला. आठव्या आठवड्यात मी एका फुंकरीवर झाकण उघडलं, फ्रेम वर उचलली, आणि एक माशी हाताच्या बोटावर येऊन बसली, मिशा साफ केल्या आणि परत पोळ्यावर उतरली. पेटी तीच, लाकूड तेच. झाकणाच्या आतल्या बाजूला मी खडूने राणीचा रंग आणि आणल्याची तारीख लिहून ठेवलीय.